शाळेची जमीन : शासनाचा वाटा आणि समाजाचे दान

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त न्यासाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते, तिचे हिशेब वेळच्या वेळी धर्मादाय आयुक्तांकडे दाखल होतात आणि विश्वस्तांत मतभेद असले तरी मनभेद होत नाहीत, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग शिक्षणकार्यासाठी करावा, असा विचार या वर्षात पुढे आला आहे. कोणी म्हणतात, न्यासाने चिकलठाण्यात स्वतःची शाळा काढावी. कोणी म्हणतात, शासनाकडून जागा मागावी आणि अनुदानही मागावे. काहींचे म्हणणे असे, की जी शाळा गावात आहे तिलाच हात द्यावा. निर्णय विश्वस्त मंडळ घेईल. परंतु त्या निर्णयापूर्वी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. शाळेच्या जमिनीसाठी व इमारतीसाठी शासन नेमके काय देते, काय देत नाही आणि जे देत नाही ते आजवर कोणी दिले, याचा विचार आज आपण करू.

अनुदान कशाचे?

'अनुदानित शाळा' हा शब्द आपण सर्रास वापरतो. शासन ही शाळा चालवते, असा त्याचा अर्थ अनेकांच्या मनात असतो. तो पूर्णांशाने खरा नाही.

खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याची पद्धत आपल्या देशात १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने रूढ झाली. सरकारने सर्व शाळा स्वतः काढण्याऐवजी लोकांनी काढलेल्या शाळांना साहाय्य करावे, त्या बदल्यात शाळेने तपासणी मान्य करावी आणि ठरावीक नियम पाळावेत, अशी ती मांडणी होती. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा जो विस्तार झाला, तो बव्हंशी याच मार्गाने झाला. जमीन संस्थेची, इमारत संस्थेची, मान्यता व तपासणी शासनाची आणि शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून, अशी ही विभागणी आहे.

अनुदानाचे दोन भाग असतात. पहिला वेतन अनुदानाचा, आणि शासनाचा खरा खर्च त्यावरच होतो. दुसरा वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे खडू-फळ्यापासून वीज, दुरुस्ती, इमारतीचे भाडे अशा गरजांचा. हा दुसरा भाग नेहमीच तोकडा राहिला. मधली काही वर्षे तर तो थांबलाच होता आणि २०१३ पासून मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाला. ज्या रकमेतून छपराची गळती जेमतेम थांबते, त्या रकमेतून नवी इमारत उभी राहत नाही.

पुढे हेही बदलले. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी मिळू लागली. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. त्यानंतर अशा शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचा प्रवास सुरू झाला आणि शिक्षकांना त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. त्याच्या नावातच सर्व आले आहे. या कायद्याखाली शाळा काढणाऱ्याने जमीन, इमारत आणि वेतन यांचा भार स्वतः वाहायचा आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की 'शाळा काढू, मग अनुदान मिळेल आणि त्यातून इमारत होईल' हा क्रम मनातून काढून टाकावा. अनुदान शिक्षकासाठी येते. शाळेखालची जमीन आणि डोक्यावरचे छप्पर समाजाला द्यावे लागते. कालही तसेच होते, आजही तसेच आहे.

पूर्वसुरींनी काय केले?

ज्यांचे ऋण आपण मानतो, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहणे उद्बोधक आहे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली. त्यांत दिगंबर जैन वसतिगृहही होते. महाराजांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. दरबाराने जागा द्यावी, काही वार्षिक साहाय्य द्यावे आणि समाजाने पुढे येऊन वसतिगृह चालवावे. राज्याच्या देणगीमुळे समाजाची जबाबदारी संपत नाही, तिथून ती सुरू होते, हे त्यांनी जाणले होते.

त्याच कोल्हापुरात शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन कुटुंबातले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ही आठवण आपल्याला सुखावणारी नाही. पण सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर ती सांगितलीच पाहिजे. ज्या वसतिगृहाला राज्याने आधार दिला, त्याच्या दारात माणूस माणसापासून वेगळा केला गेला, आणि ज्याला बाहेर जावे लागले त्याने पुढे सर्वांसाठी दार उघडले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले. १९४८ मध्ये शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तरीही संस्था टिकली. कारण तिचा पाया अनुदानावर नव्हता. तो गावोगावच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर, धान्यावर आणि मुलांच्या श्रमदानावर होता. अनुदान परत सुरू झाले, तेव्हा ते एका चालत्या संस्थेला मिळाले.

आपल्या शहरातले उदाहरण नागसेनवनाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. बाबासाहेबांनी त्या बांधकामासाठी हैदराबाद शासनाकडून कर्ज मिळवले होते. कर्ज म्हणजे परत करावयाची रक्कम, हे पुन्हा सांगायला नको. देशाची घटना लिहिणाऱ्या पुरुषाने मराठवाड्यात विद्यालय उभे करताना नकाशा, दगड, चुना आणि खर्च यांत स्वतः लक्ष घातले. एवढ्या मोठ्या माणसाला जे काम लहान वाटले नाही, ते आपल्यालाही वाटू नये.

आपल्या परंपरेतही हा धडा आहे. मुनिश्री समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने कारंजा येथे १९१८ मध्ये आणि कुंभोजजवळच्या बाहुबलीला १९३४ मध्ये गुरुकुले उभी राहिली. वेरूळचे पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल हे त्याच परंपरेतले असून इथून तासाभराच्या वाटेवर आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानांत ज्ञानदानाचे स्थान आपण सारे जाणतो. पण ज्ञान द्यायला बसण्याची जागा लागते आणि ती जागा कोणीतरी द्यावी लागते.

मराठवाड्याची शाळा

मराठवाड्याची कथा थोडी वेगळी आहे. निजामी अमदानीत मराठी शाळा काढणे हेच धाडसाचे काम होते. सरस्वती भुवन ही संस्था १९१५ ची, तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. या संस्था लोकांच्या बळावर उभ्या राहिल्या. संस्थानाने ज्या थोड्या शाळा बांधल्या, त्यांतल्या काहींच्या दगडमातीच्या खोल्या पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था त्यांच्या हाती गेली. इमारती मात्र त्याच राहिल्या. 'निजामकालीन शाळा' हा शब्द आजही आपल्या विभागात चालतो आणि तो उच्चारताना ऐतिहासिक वास्तूचा अभिमान मनात येत नाही, छताची भीती येते.

ती भीती निराधार नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडी येथे पावसात जिल्हा परिषद शाळेच्या खोलीचे छत कोसळले आणि तीन मुले गेली. मुले वर्गात बसली होती. एवढेच त्यांचे काम होते.

शासनाने इमारतींसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८७ च्या खडू-फळा योजनेने एकखोली शाळांना किमान दोन खोल्या मिळाव्यात, असे ठरवले. २००१ च्या सर्व शिक्षा अभियानात बांधकामाचा खर्च जिल्ह्याच्या आराखड्याच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला गेला आणि ते काम ठेकेदाराऐवजी गावाच्या समितीमार्फत करावे, असा आग्रह धरला गेला. जिथे समिती जागी होती, तिथे त्याच रकमेत चांगली खोली झाली. जिथे समिती केवळ सहीपुरती होती, तिथे दोन पावसाळ्यांत भिंतींना भेगा पडल्या. हा फरक शासनाच्या रकमेचा नव्हता. गावाच्या देखरेखीचा होता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीची गरज स्पष्ट लिहिली आहे : प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश, क्रीडांगण आणि कुंपण. राज्याच्या २०११ च्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. कायद्याने हक्क दिला, अंतर मोजून दिले, खोल्या मोजून दिल्या. पण जिथे जमीनच शिल्लक नाही, तिथे हे सारे कुठे बांधायचे?

चिकलठाण्यातील जमीन कोठे गेली?

येथे आपण आपल्या गावाकडे येतो. एके काळी चिकलठाणा हे शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. मग औद्योगिक वसाहत आली, विमानतळ झाला, जालना रस्ता रुंद झाला. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि भोवतालची गावे शहरात आली. कामगार आले, त्यांच्या मागे कुटुंबे आली. घरांची मागणी वाढली आणि शेते गुंठ्या-गुंठ्यांनी विकली गेली.

गुंठेवारी म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही. अभिन्यास मंजूर न करता पाडलेले भूखंड, त्यावर हळूहळू उभी राहिलेली घरे. २००१ मध्ये अशी बांधकामे नियमित करण्यासाठी कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात आणले गेले. ज्या गरीब कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून घर बांधले, त्याला दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु गुंठेवारीच्या नकाशात सर्व जागा घरांना गेली, शाळेला काही उरले नाही. मंजूर अभिन्यासात मोकळी जागा सोडावी लागते. गुंठेवारीत ती सोडलेली नसते. घर नियमित झाले, पण त्या घरातल्या मुलाच्या शाळेची जागा नियमित करता येत नाही, कारण ती कधी ठेवलीच नव्हती.

उरतो तो विकास योजनेतील आरक्षणांचा आधार. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे योजनेत शाळा आणि क्रीडांगण यांसाठी भूखंड राखून ठेवता येतात. महानगरपालिकेने ते मालकाच्या संमतीने, हस्तांतरणीय विकास हक्क देऊन किंवा भूसंपादन करून ताब्यात घ्यायचे असतात. पण त्याच कायद्याचे कलम १२७ सांगते, की अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. २०१५ च्या सुधारणेनुसार त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची कारवाई झाली नाही, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. मालकाची बाजूही न्यायाची आहे. कोणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवता येत नाही. मात्र एकदा आरक्षण गेले, की त्या वस्तीतल्या शाळेची जागा गेली. मग तिथे इमारत उभी राहते आणि तिच्या तळमजल्यावर दोन गाळ्यांत एखादी बालवाडी भरते.

शहराची सुधारित प्रारूप विकास योजना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण स्वतःच्या भूखंडावर रेघ आली का, हे पाहण्यासाठी नकाशापुढे उभे होते. ते स्वाभाविक होते. पण शाळेच्या आरक्षणांची यादी किती जणांनी पाहिली, हा प्रश्न मी आपणास विचारू इच्छितो.

जमीन मिळवण्याचे मार्ग

न्यासाला शाळेसाठी जागा हवी असेल, तर मार्ग मोजके आहेत.

पहिला, शासकीय जमिनीचा. महसूल संहिता १९६६ ची आहे आणि शासकीय जमिनीच्या विल्हेवाटीचे नियम १९७१ चे. त्यांप्रमाणे शैक्षणिक संस्थांना सवलतीत जमीन देता येते. अशी जमीन ठरावीक कारणासाठीच वापरावी लागते. तिथे मंगल कार्यालय किंवा गाळे काढले, तर शर्तभंग होतो आणि जमीन शासनाकडे परत जाऊ शकते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग प्रकरणातील निर्णयानंतर गायरान जमिनींबाबत शासनाने निर्बंध कडक केले. त्यामुळे 'गायरानातला तुकडा मिळेल' ही आशा फार धरू नये.

दुसरा, भूसंपादनाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शिक्षण संस्थांच्या सार्वजनिक प्रयोजनातून खाजगी शिक्षण संस्था वगळल्या आहेत. म्हणजे शासन आपल्यासाठी कोणाची जमीन सक्तीने घेणार नाही. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाला याचे दुःख होण्याचे कारण नाही.

तिसरा, खरेदीचा किंवा दानाचा. इथे एक गोष्ट ज्येष्ठांनी कृपया ध्यानात घ्यावी. आपल्याकडे जमिनीचे दान पुष्कळदा तोंडी होते. सभेत घोषणा होते, टाळ्या वाजतात, पाटी लागते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दानासाठी नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार लागतात आणि दान देणाऱ्याच्या हयातीतच ते स्वीकारले गेले पाहिजे. दस्तानंतर फेरफार होऊन सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव लागले पाहिजे. गावोगावच्या कितीतरी शाळांखालची जमीन आजही आजोबांच्या नावावर आहे. नातवंडांनी हक्क सांगितला, की दान देणाऱ्याच्या पुण्याचे रूपांतर दाव्यात होते. नोंदणीच्या कार्यालयात एक सकाळ गेली असती, तर हे टळले असते.

आणखी एक. न्यासाची स्वतःची जमीन विकायची, बदलायची किंवा दान द्यायची असेल, अथवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगी आधी आणि ठराव त्यानंतर अंमलात, हा क्रम मोडू नये.

नकाशा म्हणजे केवळ कागद नव्हे

जमीन मिळाली, की बांधकामाची घाई होते. पायाभरणीचा मुहूर्त ठरतो आणि नकाशाची मंजुरी मागाहून येते. ही घाई किती महाग पडते, ते १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे देशाने पाहिले. शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ बालके होरपळून गेली. या घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले, की सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलांच्या शिक्षणहक्काचाच भाग आहे. इमारतीची सुरक्षितता आणि अग्निशमनाची व्यवस्था यांशिवाय शाळेला मान्यता नको, असा त्या आदेशाचा रोख होता.

परदेशातील एक उदाहरण सांगतो, कारण त्यात शासनाचा पैसा आणि नकाशा यांची सांगड नीट घातलेली आहे. अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे असतो. त्यांची निवडून आलेली मंडळे असतात आणि इमारतींसाठी ती मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढतात. कॅलिफोर्नियात मार्च १९३३ मध्ये लाँग बीच येथे भूकंप झाला आणि अनेक शाळा कोसळल्या. तो भूकंप सायंकाळी झाला, म्हणून मुले वाचली. अवघ्या महिन्याभरात तिथे 'फील्ड कायदा' झाला. त्याप्रमाणे सार्वजनिक शाळेचा प्रत्येक नकाशा राज्याच्या वास्तुविभागाने तपासायचा आणि बांधकामावर निरीक्षक नेमायचा. पुढे १९९८ च्या कायद्याने नव्या शाळेच्या जमिनीचा व बांधकामाचा साधारण निम्मा खर्च राज्याने आणि निम्मा शाळा-जिल्ह्याने उचलायचा, असे ठरले. आधी जागेची आणि नकाशाची मंजुरी, मग निधी, असा तिथला क्रम आहे. राज्य निम्मे देते आणि निम्मे मागते, म्हणून स्थानिक लोक त्या इमारतीला आपली मानतात.

आपल्याकडे कायद्याने अशी निम्मी-निम्मी वाटणी नाही. पण भूकंपाचा अनुभव आपल्यालाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे घडले, ते आपण विसरलेलो नाही. तो दिवस उजाडून मुले शाळेत गेली असती, तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

दार कोणासाठी?

आता थोडे नाजूक बोलतो. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्याच वर्षी मे महिन्यात प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्यामुळे वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन अशा शाळांवर राहिले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या खंडपीठापुढे जावा, असे सुचवले.

कायदा काय सांगेल ते न्यायालय ठरवेल. आपला धर्म काय सांगतो, हे आपण ठरवू शकतो. समवसरणात सर्व जीवांना स्थान होते, असे आपण मुलांना शिकवतो. मग चिकलठाण्याच्या शाळेत वसाहतीतल्या कामगाराच्या मुलीला स्थान नसेल, तर त्या शिकवणुकीचे काय? शासनाकडे सवलतीत जमीन मागायची आणि दार मात्र आपल्यापुरते उघडायचे, हे भाऊरावांच्या समाजाला शोभणारे नाही. सार्वजनिक जमीन घेतली, तर दार सार्वजनिक असले पाहिजे. स्वतःच्या जमिनीवर बांधली, तरी माझे मत तेच राहील.

तीन नम्र सूचना

वेळ झाला आहे. समारोपापूर्वी तीन सूचना ठेवतो.

पहिली. सुवर्णमहोत्सवी निधीतून लगेच नवी शाळा बांधण्यापूर्वी आपल्या परिसरातील जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शाळांची रीतसर परवानगी घेऊन पाहणी करावी. खोल्या किती, छत कसे, मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे का, पाणी येते का, क्रीडांगणाला कुंपण आहे का, एवढे पाचच प्रश्न. तिथे आधीच जमीन आहे, शिक्षक आहेत, त्यांचे वेतन शासन देते. उणीव भिंतीची आहे. नव्या शाळेचा सगळा डोलारा उभारण्याऐवजी दोन पक्क्या वर्गखोल्या बांधून दिल्या, तर तोच निधी अधिक मुलांना पुरेल. त्या खोल्यांवर न्यासाचे नाव लहान अक्षरांत असले तरी चालेल.

दुसरी. आपल्या प्रभागातील शाळा व क्रीडांगणाच्या आरक्षणांची यादी नगररचना विभागाकडून मिळवावी. कोणते आरक्षण किती वर्षांचे आहे, कोणावर कलम १२७ ची सूचना आली आहे, हे पाहावे आणि महानगरपालिकेने वेळेत पाऊल उचलावे म्हणून पाठपुरावा करावा. समाजात अनेक वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांनी महिन्यातून दोन तास दिले तरी हे काम होईल. ज्यांच्या स्वतःच्या जमिनीवर असे आरक्षण आहे, त्यांनी विकास हक्क घेऊन ती पालिकेला द्यावी. त्यात तोटा नाही आणि पुण्य आहे.

तिसरी. पुढे न्यासाने स्वतःची शाळा काढायचीच ठरवली, तर क्रम असा असावा : निर्वेध मालकी, नोंदणीकृत दस्त, मंजूर नकाशा, अग्निसुरक्षा, मग पायाभरणी. पाच वर्षांचे वेतन देता येईल एवढी तरतूद आधी करावी आणि अनुदान मिळाले तर ते अधिकचे समजावे. शिक्षकाला वेळेवर पगार न देता संगमरवरी प्रवेशद्वार बांधणारी शाळा मला मान्य नाही, आणि मला वाटते आपणासही ती मान्य नसावी.

बंधू-भगिनींनो, शासनाकडून मागणे हा आपला अधिकार आहे. आपण कर भरतो, त्यातूनच तो निधी येतो. पण शासन ज्या ठिकाणी थांबते, तिथून समाजाचे काम सुरू होते आणि या राज्यात ते बहुधा शाळेच्या कुंपणापाशीच थांबत आले आहे. अपरिग्रहाचे व्रत आपण रोज उच्चारतो. या शहरात जमिनीइतका मोठा परिग्रह दुसरा नाही. त्यातला एक तुकडा, दस्त नोंदवून, शाळेच्या नावे झाला, तर आपल्या न्यासाच्या शतकमहोत्सवात बोलणाऱ्याला आजच्यापेक्षा चांगले काही सांगता येईल.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!